वकीलमास्तरांचा वर गेलेला हात

आमच्या गावात कोणी पुढारी भाषणाला आला की सगळं गाव मंचासमोर सतरंजीवर बसे आणि वकीलमास्तर मंचाच्या मागे बसत. मागे म्हणजे खरोखरच मागे, जिथे पडद्याची टोकं बांबूला बांधलेली असत आणि गॅसबत्तीवाला पंप मारत उभा असे. बसायचं स्टूल ते घरून आणत. पडद्याच्या फटीतून पुढाऱ्याची पाठ बघताना ते इतके खिदळत, की समोरच्या लोकांचं अर्धं लक्ष भाषणाकडे आणि अर्धं पडद्याकडे असे.

“समोरून भाषन दिसते,” ते म्हणत, “मागून मानूस दिसते.”

एकदा एक बडे मंत्री त्यागावर बोलत होते. फार सुंदर बोलत होते. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. मास्तरांनी मला हाताला धरून मागे नेलं आणि फट दाखवली. मंत्र्यांचा उजवा हात आकाशाकडे गेला होता आणि डावा हात पाठीमागे आपल्या माणसाला खुणेनं विचारत होता, जेवण तयार आहे का? त्या माणसानं खुणेनंच सांगितलं, वांगी शिजतायत. डाव्या हातानं पुन्हा खूण केली, तिखट जरा बेतानं. मास्तर हसता हसता स्टुलावरून पडले, पडताना त्यांनी आधारासाठी पडदा धरला आणि पडदा सगळा खाली आला. मंत्र्यांनी मोठ्या प्रसंगावधानानं डावा हात उजव्या हाताला जोडला आणि भाषण तिथेच संपवलं. टाळ्या मात्र कडाडून पडल्या.

गावाचं नाव मी सांगत नाही. अमरावती आणि अकोल्याच्या मध्ये कुठेतरी, आगगाडीच्या रुळांना चिकटून ते आहे, एवढं पुरे. नाव सांगितलं तर तिथले निम्मे लोक माझ्याशी बोलणं सोडतील आणि उरलेले आपली बाजू सांगायला माझ्या घरी जेवायला येतील.

मास्तरांनी नागपूरला वकिलीचं शिक्षण घेतलं होतं. काही दिवस त्यांनी कोर्टात कोटही घातला. पण पक्षकार खोटं बोलू लागला की त्यांना हसू आवरत नसे, आणि हसणाऱ्या वकिलाकडे कोण जाणार? शेवटी ते आमच्या हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवायला आले. गावानं दोन्ही धंदे जोडून त्यांना ‘वकीलमास्तर’ करून टाकलं.

त्यांचा पहिला तास मला आजही आठवतो. “राजा राज्य कायच्यासाठी करते?” त्यांनी विचारलं. मी पुस्तकातलं उत्तर दिलं, “प्रजेच्या कल्याणासाठी.”

“वा! बस खाली. पेपरात हेच लिह्य, मार्क भेटतीन. पन डोक्यात ठेवू नोको, जागा अडते.”

माझ्या घरात माझ्याआधी कोणी शाळेची पायरी चढलं नव्हतं. वडील दुसऱ्याच्या वावरात वर्षाच्या बोलीवर राबणारे सालदार होते. मॅट्रिक झाल्यावर मीही तिकडेच जाणार होतो. पण मास्तर एका सकाळी आमच्या घरी येऊन बसले आणि उठेचनात. वडिलांनी हो म्हटल्यावर उठले. मग मला मोटारीत घालून अमरावतीला नेलं आणि वसतिगृहाच्या व्यवस्थापकांपुढे उभं करून म्हणाले, “हा पोट्टा खाते बम, पन शिकतेही बम. एकाच्या भरवशावर दुसऱ्याले सांभाळून घ्या.” ‘बम’ म्हणजे आमच्याकडे भरपूर. चार अक्षरं शिकून मी त्याच शाळेत शिक्षक म्हणून परत आलो, तेव्हा त्यांनी माझं नाव टाकून दिलं आणि मला ‘ग्रॅज्युएट’ म्हणायला सुरुवात केली. त्या एका शब्दात जितकी थट्टा होती तितकाच अभिमान होता, हे मला तेव्हाही कळत होतं.

पदवी घेऊन आल्यामुळे मी त्यांच्याशी वाद घालू लागलो. राज्यकर्ता विचारानं चालतो की स्वार्थानं, हा आमचा रोजचा विषय. त्यांच्या ओट्यावर संध्याकाळी हा वाद सुरू होई आणि आतून मास्तरांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, पाट मांडल्याचा आवाज आला की संपे. मी म्हणे, “मास्तर, देशासाठी ज्यांनी तुरुंग भोगला, तेच आज खुर्चीवर आहेत. त्यांना स्वार्थी कसं म्हणायचं?”

“जेलात गेला तो आन खुर्चीत बसला तो, मानूस एकच हाय, ग्रॅज्युएट,” मास्तर म्हणत, “पन तवाचं पोट एक असते आन आताचं पोट दुसरं असते. तत्त्व म्हंजे काय, तर स्वार्थाले बाहीर जाताना घालाचा धुतलेला सदरा. घरी आला का खुटीवर टांगते.”

“आन तुमाले धुतलेला सदरा भेटते तो कोनामुळं?” आतून काकूंचा आवाज येई. “तुमचं नागरिकशास्त्र रोज शिजते. माही डाळ शिजत नाही, ते पाह्य कोनी.”

काकूंची तक्रार खरी होती. आमचा सगळा भाग खाऱ्या पाण्याचा. विहीर कितीही खोल खणा, पाणी खारंच लागतं. चहा फुटतो, साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ दोन दोन तास चुलीवर ठेवली तरी दाणा डोळे वटारून बघत राहतो. गोड्या पाण्याचे नळ गावाच्या वरच्या अंगाला आले होते, पण आमच्या गल्लीपर्यंत पोचले नव्हते. आणि अशातच म्युनिसिपालिटीची निवडणूक लागली, जिला सगळं गाव ‘कमिटी’ म्हणत असे.

एका संध्याकाळी वादात मी जरा चिडूनच बोललो, “तुम्ही सगळं मागून बघता. एकदा आत जाऊन बघा ना!” दुसऱ्या दिवशी मास्तरांनी अपक्ष म्हणून अर्ज भरला.

प्रचारसभा त्यांनी स्वतःच्याच ओट्यावर घेतली. असलं भाषण वऱ्हाडात आधी झालं नसेल आणि नंतरही नाही.

“भावांनो आन बायांनो, मी स्वार्थासाठी उभा हाय. माह्या घरी डाळ शिजत नाही. मले निवडून द्या, मी माह्या घरी नळ आनतो. आता माहं घर गल्लीच्या पार शेवटाले. नळ काही वरतून उडी मारून येनार नाही. तो तुमच्या दारावरूनच येईन. येता येता तुमच्या घरी शिरला, तं माही काही हरकत नाही.”

गल्ली हसून हसून लोटपोट झाली. विरोधातले दोन्ही उमेदवार राष्ट्राच्या उभारणीवर बोलत होते. मास्तर प्रचंड मतांनी निवडून आले. गल्लीतले किसनराव सोनार, जे सहसा कोणाचं कौतुक करत नसत, ते म्हणाले, “पह्यल्यांदा एक इमानदार स्वार्थी मानूस भेटला.”

कमिटीत दोन गट होते. एक अध्यक्ष रावसाहेब इंगोल्यांचा. रावसाहेबांची जिनिंग फॅक्टरी आमच्याच गल्लीच्या टोकाला, सरकी आणि कापसाच्या गाड्यांनी सदा भरलेली. दुसरा गट गोविंदभाऊंचा. दोन्हीकडे माणसं सारखी, आणि मधे आमचे मास्तर एकटे. त्या वर्षी कमिटीकडे लोखंडी पाइप आले, पण एकाच दिशेला पुरतील एवढे. एक तर आमच्या गल्लीतून जिनिंगपर्यंत, नाहीतर रुळांपलीकडच्या वस्तीत. त्या वस्तीत हातावर पोट असलेली माणसं राहत. तिथे खारी विहीरसुद्धा नव्हती.

रावसाहेब भाषणात म्हणत, उद्योग वाढला तर देश वाढेल, म्हणून लाइन जिनिंगकडे. गोविंदभाऊ म्हणत, समता आली पाहिजे, म्हणून लाइन वस्तीकडे. गोविंदभाऊंनी नुकतंच रुळांपलीकडे मोठं वावर घेतलं होतं आणि त्याचे प्लॉट पाडायचा त्यांचा बेत होता, हे सगळ्या गावाला माहीत होतं. मास्तरांना तर आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. “पाह्य ग्रॅज्युएट, पाह्य! एकाच्या सदऱ्यावर लिह्यलं देश, एकाच्या सदऱ्यावर लिह्यलं समता. आत दोघंही उघडेच!”

“आणि तुम्ही?”

“मी सदराच घातला नाही. मी तं डाळीसाठी आलो.”

मतदानाच्या आधी आपली माणसं दुसऱ्यानं फोडू नयेत, म्हणून रावसाहेबांनी आपला गट उचलून मोर्शीकडच्या एका संत्र्याच्या बगिच्यात नेऊन ठेवला. मास्तरांना आग्रहानं नेलं, आणि मास्तरांनी मला. सुटी होती, मी गेलो. तो सगळा मुक्काम म्हणजे एखाद्या लग्नघरात नवरानवरी सोडून बाकी सगळे जमावेत तसा होता. गोवऱ्यांच्या आरात कणकेचे रोडगे भाजले जात, ते तुपात बुडवून वांग्याच्या भाजीशी खायचे, मग झाडाखाली पत्ते, मग झोप, मग पुन्हा रोडगे. गावाचा कारभार करणारी ती मोठी माणसं शाळेतल्या पोरांसारखी एकमेकांच्या पाठीवर संत्र्याच्या साली मारत होती. कोणी लघवीला जरी दूर गेला तरी रावसाहेबांचा माणूस मागोमाग जाई.

“काहो, मी काय पळून चाललो?” एक सभासद चिडला.

“तसं नाही साहेब, साप गिप निंघते म्हनून.”

“मंग तू काय सापाले समजावून सांगशीन?”

मास्तर या सगळ्यात न्हाऊन निघाले होते. रोडगा हातात धरून ते मला म्हणाले, “आतून पाह्याची मजा मागून पाह्यापेक्षाही बम हाय रे. तत्त्वाचं नाव नाही कोठी! दोन दिवसांत एकानं तरी ‘पानी’ म्हटलं का? म्हटलं, पन जेवताना.”

मतदानाच्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं आम्ही सगळे गावी परतत होतो. सभासद पत्ते खेळत होते. स्टेशनाच्या अलीकडे सिग्नल पडला नव्हता म्हणून गाडी थांबली. मास्तर खिडकीशी होते. आम्ही नेहमी स्टेशनावर गावाच्या बाजूनं उतरत असू, त्यामुळे दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघायचं कधी कारणच पडलं नव्हतं.

वस्तीतल्या बाया हंडे, घागरी, डबे घेऊन इंजिनाकडे धावत होत्या. हातात जे भांडं लागलं ते. ड्रायव्हर इंजिनाची तोटी सोडून त्यांना पाणी देत होता. पाणी कढत होतं, वाफा निघत होत्या. बाया किंचाळत होत्या, हसत होत्या, एकमेकींना ढकलत होत्या. एक म्हातारी ओरडली, “अवो डायवरबुवा, समद्यायले द्या ना थोडं! सिंगल पडला तं आमचं पानी चाललं!” आणि तेवढ्यात सिग्नल पडलाच. शिट्टी झाली. ड्रायव्हरनं तोटी बंद केली. म्हातारीच्या घागरीत काही पडलंच नव्हतं. तिनं दोन्ही हात उडवत इंजिनाला एक सणसणीत शिवी दिली आणि स्वतःच हसत खाली बसली. गाडी हलली.

मास्तरांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, आणि ते मी पहिल्यांदाच पाहत होतो. मागून कोणीतरी म्हणालं, “मास्तर, पत्ते वाटू का?” ते म्हणाले, “मले नोको.”

दुपारी कमिटीची सभा भरली. खिडक्यांतून अर्धं गाव आत डोकावत होतं. आमची गल्ली तर सगळी आली होती. किसनरावांनी पेढेही आणून ठेवले होते. रावसाहेब अध्यक्षस्थानी होते. त्यांनी आधी वस्तीच्या लाइनीचा ठराव मतास टाकला. गोविंदभाऊंच्या माणसांनी हात वर केले. आणि मग एक हात सावकाश वर गेला. मास्तर स्वतःच त्या हाताकडे बघत होते, जणू तो शेजाऱ्याचा आहे.

रावसाहेबांना वाटलं, चूक होते आहे. “मास्तर, आता पलीकडच्या लाइनीचं मत घेऊन राह्यलो. आपलं याच्यानंतर हाय.”

“हाव, समजते मले.”

“मंग हात खाली करा.”

“करून पाह्यला, रावसाहेब,” मास्तर अगदी गंभीरपणे म्हणाले, “होत नाही.”

खिडक्यांत हशा झाला, पण आमच्या गल्लीच्या खिडकीत नाही. ठराव मंजूर झाला. गोविंदभाऊंनी मास्तरांना मिठी मारली. मास्तर त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे असे बघत होते, की मी त्यांना सोडवायला यावं.

संध्याकाळी सगळी गल्ली ओट्यासमोर जमली. किसनराव पुढे होते. “मास्तर, आमी तुमाले स्वार्थी समजून मत देल्लं. तुमी तं तत्त्वाचे निंघाले! हा विश्वासघात हाय.”

“तत्त्वाचे निंघायचं होतं तं आधी सांगायचं!” मागून दुसरा ओरडला. “आमी दुसऱ्याले देल्लं असतं!”

मास्तर घाबरले होते. पण मतदारांच्या रागापेक्षा ‘तत्त्वाचे’ हा शब्द त्यांना जास्त लागला होता. “नाही हो किसनराव, कसं काय बोलता! हाही स्वार्थच हाय. पुढची निवडनूक हाय का नाही? त्या वस्तीतली मतं आता मलेच भेटतीन!”

तेवढ्यात काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. “ते लोक आपल्या वार्डात कोठी येतात?”

मी मास्तरांकडे पाहिलं, किसनरावांनी त्यांच्याकडे पाहिलं, सगळ्या गल्लीनं पाहिलं. कमिटीत बसणाऱ्या, नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या या माणसाला ती गोष्ट आठवलीच नव्हती.

“मंग... मंग पुढच्या जनमासाठी केलं असन,” ते चाचरत म्हणाले.

“तुमी तं देवबी मानत नाही,” काकू म्हणाल्या.

आधी कोण हसलं ते आठवत नाही. बहुधा किसनरावच. मग सगळी गल्ली हसली, आणि सर्वांत मोठ्यानं मास्तर. किसनराव डोळे पुसत म्हणाले, “वहिनी, याईले घरात घ्या. याईचं काही खरं नाही.” पेढे आणलेलेच होते, ते तिथेच वाटले गेले.

लोक गेल्यावर काकूंनी विचारलं, “काय पाह्यलं तुमी असं?” मास्तरांनी इंजिनाची गोष्ट सांगितली. म्हातारीची शिवीसुद्धा जशीच्या तशी सांगितली. “हे आधी सांगत जा ना मानसाले,” काकू म्हणाल्या, “मी डाळ आदल्या दिशीच भिजू घालीन.” आणि त्या आत गेल्या.

वस्तीत नळ सुरू झाला त्या दिवशी लोकांनी मास्तरांना बोलावलं. मीही गेलो. गोविंदभाऊंनी समतेवर भाषण केलं. मास्तरांना तोटी उघडायला सांगितलं, तर ते मागे सरले. “मी कायले? माहा तं चुकून हात वर गेला.”

तीच म्हातारी पुढे आली. भागाबाई तिचं नाव. तिनं त्यांचं मनगट धरलं आणि तोटीवर ठेवलं. “चुकून तं चुकून. असाच चुकत जा रे बापू.” पाणी आलं तसा तिनं पहिला ओंजळभर हबका मास्तरांच्याच तोंडावर मारला. मग पोरं, बाया, कोणी कोणाला सोडलं नाही. समतेवर बोललेले गोविंदभाऊ तर नखशिखांत भिजले.

पुढच्या वर्षी आमच्या गल्लीलाही नळ आला. रावसाहेबांना जिनिंगसाठी पाणी हवंच होतं. त्यांनी वरपर्यंत खटपट करून पाइप आणले. मास्तर खूश झाले. “म्या म्हटलं होतं ना! स्वार्थाले कोनाची मदत लागत नाही, ग्रॅज्युएट. तो आपल्या पायानं चालत येते. त्याच्यासाठी हात वर करून काही फायदा नाही. जे आपल्या पायानं येत नाही, त्याच्यासाठीच करा लागते.” बोलून झाल्यावर, आपण काहीतरी भलतंच कबूल केलं असं वाटून त्यांनी घाईघाईनं पुस्ती जोडली, “अर्थात, हे बी स्वार्थच हाय. झोप चांगली लागते.”

पुढची निवडणूक रावसाहेबांनी मुद्दाम आमच्या वॉर्डातून लढवली. नळ त्यांनी आणला होता. मास्तर पुन्हा उभे राहिले आणि सपाटून पडले. किसनरावांनी त्यांना आधीच प्रेमानं सांगितलं होतं, “मास्तर, जीव तुमच्यावर हाय, पन मत रावसाहेबाले. तुमचा भरवसा नाही, कोनासाठी हात वर कराल.”

निकालाच्या संध्याकाळी मास्तर ओट्यावर चहा घेत बसले होते. चहा आता फुटत नव्हता. मी अकोल्याच्या कॉलेजात नोकरीवर रुजू होण्यासाठी निघायच्या तयारीत होतो आणि निरोप घ्यायला आलो होतो. एवढ्यात रुळांकडून मोठा गलका आला. सगळी वस्ती येत होती. ढोल, ताशे, गुलाल. आम्हाला वाटलं, रावसाहेबांची मिरवणूक. पण त्यांनी येऊन मास्तरांनाच खांद्यावर उचललं.

“अबे मी हारलो ना बे!” मास्तर वरून ओरडत होते. “रावसाहेबाले उचला! उतरवा मले! धोतर सुटून राह्यलं!”

“आमी तुमाले मत देऊच शकत नव्हतो ना बापू,” भागाबाई खालून ओरडली, “तं गुलाल तरी टाकू दे!”

मीही खांदा लावला. किसनरावही आले, ज्यांनी मत दिलं नव्हतं. गल्लीच्या मधोमध समोरून रावसाहेबांची मिरवणूक आली. बँड त्यांचा मोठा होता, माणसं आमची जास्त. रावसाहेबांनी हसत हात जोडले. “काहो मास्तर, निवडून मी आलो, आन गुलाल तुमच्या आंगावर जास्ती कसा?”

मास्तर वरून, एका हातानं धोतर सावरत, दुसऱ्या हातानं डोळ्यांतला गुलाल पुसत ओरडले, “रावसाहेब, तुमच्या लोकायले तुमच्याकून अजून घ्याचं हाय, म्हनून जपून उधळून राह्यले. याईले माह्याकून आता काहीच भेटनार नाही!”

आणि बोलल्या बोलल्या त्यांच्या ध्यानात आलं, आपण काय बोलून गेलो ते. जन्मभराचा सिद्धांत त्यांनी भर गल्लीत, लोकांच्या खांद्यावर बसून, स्वतःच्याच तोंडानं मोडला होता. त्यांनी खाली वाकून माझा कान धरला.

“ग्रॅज्युएट, हे अकोल्यात पोट्ट्यायले सांगू नोको.”

मास्तर जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी दर वर्षी पहिल्याच तासाला सांगतो.